जाडसर ड्राय रब: शेकर कुठला घ्यायचा आणि घरी करायचा तर कसा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मिरी, धणे, मोहरी जाडसर कुटून, त्यात मीठ, ब्राऊन शुगर, पाप्रिका (सौम्य लाल मिरचीची पूड) आणि लसणाची पावडर घालून तुम्ही रब, म्हणजे मांसाला लावायचा कोरडा मसाला, करता. नेहमीच्या मीठ-मिरीच्या शेकरमधून तो पडतच नाही, भोकं बुजतात, आणि झाकण काढून ओतायला गेलं की एका जागी ढीग होतो. मग मोठ्या भोकांचा शेकर विकत घ्यावा की बरणीच्या झाकणाला भोकं पाडावीत, पाडायची तर किती मोठी, आणि आत तांदळाचे दाणे टाकून काही फायदा होतो का.

मी बरीच वर्षं ग्रिल आणि स्मोकरवर (धुरावर मांस शिजवायच्या भट्टीवर) काम करतोय आणि रब रोज हाताखालून जातो, त्यामुळे हे जरा सविस्तर लिहितो. भोकाचा आकार सांगणं सोपं आहे, तो पुढे सांगतोच. पण तुमच्या वर्णनात मला दोन वेगळ्या अडचणी दिसतात आणि तुम्ही एकाचीच तक्रार केलीय. पहिली म्हणजे मसाला पडत नाही, ही लगेच दिसते. दुसरी म्हणजे जेव्हा पडतो तेव्हा पहिल्या झटक्याला जे मिश्रण पडतं तेच शेवटच्या झटक्याला पडतं का? ही दिसत नाही, ती खाताना कळते, मांसाची एक बाजू नुसती खारट आणि दुसरीकडे मिरीचे दगड. मोठ्या भोकांचा शेकर आणलात तर पहिली अडचण सुटेल आणि दुसरी तशीच राहील, कधीकधी वाढेलसुद्धा. म्हणून माझं म्हणणं असं की आधी मसाल्याकडे बघा, शेकरचं नंतर.

आता भोकं नक्की का बुजतात ते बघू, कारण ते कळलं की बाकीचं आपोआप सुचत जातं. पुढच्या वेळी शेकर तुंबला की तो आपटू नका, अलगद उलटा धरून झाकण हळूच काढा आणि झाकणाची आतली बाजू उजेडात बघा. बहुतेक वेळा असं दिसेल की एकाच भोकावर अर्ध्या फुटलेल्या मिरीचे दोन-तीन तुकडे एकमेकांना टेकून कमानीसारखे उभे आहेत, मधल्या फटीत धण्याचं टरफल आडवं बसलंय आणि त्या सगळ्यावर साखर आणि लसणाच्या पावडरीचा चिकट लेप आहे. यातला एकेक तुकडा त्या भोकातून आरामात गेला असता, पण सगळे एकदम आले आणि एकमेकांत अडकले. म्हणजे "माझ्या मिरीचा तुकडा २ मिमीचा आहे, मग ३ मिमीचं भोक पुरे" हा हिशोब चालत नाही. दाणेदार वस्तू नुसती आपल्या वजनाने, न हलवता, अडकल्याशिवाय गोल भोकातून वाहायची असेल तर भोक दाण्याच्या साधारण पाचपट लागतं. आपण शेकर हलवतो तेव्हा या कमानी मोडत राहतात, म्हणून कमी चालतं, आणि पाचपट ठेवलं तर उलट भसकन पडतं. माझा अनुभव असा की सगळ्यात मोठ्या तुकड्याच्या तिप्पट भोक ठेवलं की जमतं. हलवलं की पडतं, थांबलं की बऱ्यापैकी थांबतं.

सगळ्यात मोठा तुकडा म्हणताना लांबी मोजा, जाडी नाही. अख्खी मिरी ४-५ मिमीची असते, जाडसर कुटली की १ ते २ मिमीचे तुकडे होतात, पण त्यात एखाददुसरा ३ मिमीचा राहतोच. मोहरी १ ते २ मिमी आणि गोल, ती कधीच त्रास देत नाही. धणे फुटले की दोन वाट्या होतात आणि टरफल वेगळं होतं, ते चपटं असल्यामुळे त्रासदायक. जिरं अख्खं असेल तर लांबीला ४ ते ६ मिमी, चिली फ्लेक्स चपटे आणि आकाराला कसेही, आणि वाळलेली रोजमेरी तर सुयाच असतात, त्या भोकात आडव्या पडल्या की झालं. रोजमेरी शेकरमध्ये घालूच नका, हाताने चुरून वरून टाका, किंवा मिठाबरोबर कुटून बारीक करून घ्या.

तुमच्या रबमध्ये जी नावं दिलीत त्यावरून मोठे तुकडे २ मिमीच्या आसपास असावेत, म्हणून भोक ६ मिमीचं. हे तुमच्या कुटण्यावर अवलंबून आहे. खलबत्त्यात कुटत असाल तर तुकडे फार असमान येतात, मिक्सरला पल्सवर केलंत तर खाली भुकटी आणि वर अख्खे दाणे असं होतं, आणि चांगल्या ग्राइंडरला जाड सेटिंगवर केलंत तर बऱ्यापैकी एकसारखं येतं. म्हणून माझ्या आकड्यावर भरवसा ठेवण्यापेक्षा पांढऱ्या कागदावर चमचाभर रब पसरा, शेजारी पट्टी ठेवा आणि मोठे दहा-बारा तुकडे मोजून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

आता त्या न दिसणाऱ्या अडचणीकडे येतो, कारण खरी गंमत तिथे आहे. लहान-मोठे दाणे एकत्र करून हलवले की बारीक दाणे मोठ्यांच्या फटींतून खाली सरकतात आणि मोठे वर येतात. शेकर उलटा धरला की "खाली" म्हणजे भोकांची बाजू. म्हणजे आपण जितकं हलवतो तितकं मीठ, पाप्रिका आणि लसूण पावडर आधी निसटतात आणि जाड मिरी-धणे मागे राहतात. दोन मोठे तुकडे सीझन करायचे असतील तर पहिला खारट होतो आणि दुसऱ्यावर नुसती भरड पडते, आणि आपल्याला वाटतं की मांसच तसं होतं.

तुमच्याकडे हे किती होतंय ते बघायची सोपी पद्धत सांगतो. तीन पांढरे कागद घ्या. शेकर भरा, पहिल्या कागदावर चार-पाच झटके मारा, मग बराचसा मसाला एका वाटीत झटकून काढा, दुसऱ्या कागदावर पुन्हा चार-पाच झटके, परत वाटीत, आणि शेवटी तळाशी उरलेलं तिसऱ्या कागदावर. तिन्ही शेजारी ठेवून बघा. पहिला कागद लालसर आणि भुकटीचा, तिसरा काळपट आणि खड्यांचा दिसला, तर कुठलाही महागडा शेकर तुम्हाला मदत करणार नाही, मिश्रणच बदलायला हवं. चाखूनही बघा, मिठातला फरक डोळ्यांपेक्षा जिभेला लवकर कळतो.

मिश्रण बदलायचं म्हणजे मुख्यतः दाण्यांचे आकार एकमेकांच्या जवळ आणायचे. मी काय करतो ते सांगतो. कुटलेली मिरी आणि धणे आधी मोठ्या जाळीच्या चाळणीतून काढतो, वर जे राहतं ते परत कुटायला जातं. मग खाली जे पडलं ते बारीक जाळीच्या चाळणीतून काढतो आणि जी धूळ खाली पडते ती बाजूला ठेवतो. ती फेकायची नाही, सॉसमध्ये, मॅरिनेडमध्ये मस्त चालते. मधे जे उरतं ते एकसारखं, १ ते २ मिमीचं, आणि तेच रबमध्ये जातं. धण्याची टरफलं चाळताना वर तरंगतात, ताट हलवून हलकी फुंकर मारली की बहुतेक उडून जातात.

मीठसुद्धा बारीक वापरू नका. जाड दाण्याचं किंवा फ्लेक असलेलं मीठ घ्या, ते मिरीच्या तुकड्यांबरोबर राहतं, खाली पळत नाही. फक्त इथे एक सावधगिरी, मीठ चमच्याने मोजू नका, वजन करा. बारीक टेबल सॉल्टचा एक टेबलस्पून साधारण १८ ग्रॅम भरतो, फ्लेक असलेलं मीठ त्याच चमच्यात जवळजवळ निम्मंच मावतं, आणि ब्रँडप्रमाणे यातही बराच फरक पडतो. रेसिपीत चमचे लिहिलेत आणि तुम्ही मीठ बदललंत तर सगळं गणित चुकतं.

पाप्रिका आणि लसूण पावडर या मुळात भुकट्याच, त्यांचं काय करायचं? लसणाचं उत्तर सोपं आहे, पावडरऐवजी ग्रॅन्युल्स घ्या, ते रव्यासारखे दाणेदार असतात आणि गाठीही कमी होतात. पाप्रिकाला मात्र पर्याय नाही, ती बारीकच असते. तिचं प्रमाण थोडं असेल तर ती जाड दाण्यांना चिकटून राहते आणि फार वेगळी होत नाही, जास्त असेल तर मी ती शेकरमध्ये घालतच नाही, बारीक जाळीच्या गाळणीतून वेगळी भुरभुरवतो. खरं सांगायचं तर माझ्या कामात सगळं एकाच शेकरमधून जावं असा माझा हट्ट कधीच नसतो. आधी मीठ, मग जाड मसाला, मग वरून भुकटी, असे तीन थर दिले तर मिश्रण वेगळं होण्याचा प्रश्नच उरत नाही आणि मिठावर ताबा राहतो. रोजच्या घाईत एकच शेकर बरा पडतो हे मान्य, पण मोठा तुकडा असेल, पाहुणे असतील, तर तीन थरांचीच पद्धत धरा.

मग ओलावा. तुमच्या रबमधली ब्राऊन शुगर हा सगळ्यात मोठा गुन्हेगार आहे, कारण ती मोलॅसिसमुळे (उसाच्या मळीमुळे) मुळातच ओलसर असते. मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढून विरघळायला लागतं, साधी साखर ८५ टक्क्यांच्या आसपास, आणि दोन्ही एकत्र असली तर त्याहून कमी आर्द्रतेतच मिश्रण चिकट व्हायला लागतं. त्यात लसूण आणि कांद्याच्या पावडरी पाणी ओढण्यात पटाईत. म्हणजे तुमचा रब दमट दिवसात बरणीतल्या बरणीत हळूहळू पाक होतोय. यावर उपाय दोन. एक तर ब्राऊन शुगरऐवजी डेमेरारासारखी मोठ्या कोरड्या स्फटिकांची साखर घ्या, ती वाहते छान आणि आकारही मिरीच्या भरडीशी जुळतो. किंवा ब्राऊन शुगरच हवी असेल, तिची चव वेगळी आहे हे खरंच, तर ट्रेवर पातळ पसरवून ओव्हनमध्ये अगदी मंद आचेवर, वितळणार नाही इतपतच, सुकवा, गार झाली की हाताने चुरा आणि चाळा. ती कोरडी ब्राऊन शुगर सुटी राहते, पण हवाबंद डब्यातच ठेवायची.

आणि एक गोष्ट जी मी किचनमध्ये नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगतो: वाफ निघणाऱ्या तव्यावर किंवा गरम ग्रिलवर शेकर धरायचा नाही. वाफ थेट झाकणाच्या आत जाते, तिथे तिचं पाणी होतं, आणि भोकांच्या कडांवर मीठ-साखरेचा थर बसतो तो तिथूनच. वरून टाकायचंच असेल तर हातावर किंवा छोट्या वाटीत काढून घ्या आणि वाटीतून टाका.

एवढं झालं की मग शेकर. बाजारात जे मिळतात त्यात जाड रबसाठी तीन प्रकार कामाचे. पहिला, हँडल असलेला स्टीलचा ड्रेजर, म्हणजे मगासारखा डबा आणि वर मोठ्या भोकांचं झाकण. हा माझा आवडता, कारण तोंड रुंद असतं, आत चमचा घालून ढवळता येतं, आणि मुठीत पक्का बसतो. फक्त जाळीचं झाकण असलेला घेऊ नका, तो आयसिंग शुगर आणि मैद्यासाठी असतो, मिरी त्यातून जन्मात पडणार नाही. दुसरा, किसलेल्या चीजसाठी असतो तो काचेचा शेकर, त्याची भोकं बरीचशी आपल्याला हवी तेवढीच असतात, आणि आत किती उरलंय, वेगळं झालंय का, हे दिसतं. तिसरा, दोन झडपांचं प्लास्टिकचं झाकण असलेली मोठी मसाल्याची बरणी, एकीकडे भोकं आणि दुसरीकडे चमचा जाईल एवढी फट. यातली भोकं बहुतेक वेळा लहान असतात, पण प्लास्टिक असल्यामुळे ड्रिलने मोठी करता येतात.

दुकानात भोक मोजायला पट्टी नेली तर उत्तमच, नाहीतर खिशात साधी लाकडी पेन्सिल ठेवा. ती साधारण ७ मिमी जाड असते. पेन्सिल भोकात जरा अडली, थोडक्यासाठी आत गेली नाही, तर ते भोक तुमच्या कामाचं. पेन्सिल सरळ आत शिरली तर भोक मोठं आहे, आणि पेन्सिलचं टोक केलेला भाग शिसापलीकडे जेमतेमच शिरला तर लहान.

धातूबद्दल एवढंच की ॲल्युमिनिअम टाळा. मीठ आणि ओलावा मिळून त्याला खड्डे पाडतात आणि ती पांढरी पूड मसाल्यात येते. स्टील चांगलं, पण तेही ओलं मीठ घेऊन आठवडाभर पडून राहिलं तर डागाळतं, म्हणून धुऊन पूर्ण सुकवून ठेवायचं. काच उत्तम, फक्त ओल्या हातातून सटकते.

आता घरी करायचं असेल तर. झाकणाला खिळा ठोकून भोकं पाडायची ही सगळ्यांना पहिली सुचणारी गोष्ट, आणि ती मी तुम्हाला करू नका असंच सांगेन. खिळा पत्रा कापत नाही, फाडतो. बाहेरून ठोकला तर फाटलेल्या पाकळ्या आत वळतात आणि प्रत्येक दाणा त्यांना अडकतो, आतून ठोकला तर त्या बाहेर येतात आणि बोट कापतं. शिवाय बरणीच्या पत्र्याच्या झाकणाला आतून लेप असतो, तो फुटला की उघडा पत्रा मिठामुळे गंजतो. पत्र्याचं झाकण वापरायचंच तर ते तात्पुरतं समजा, गंजाचा पहिला ठिपका दिसला की बदला.

त्यापेक्षा प्लास्टिकचं झाकण घ्या, खाण्याच्या वस्तूचंच, तळाशी त्रिकोणात ५ आकडा असतो ते पॉलिप्रॉपिलीन चांगलं. झाकण उलटं, म्हणजे आतली बाजू वर, सपाट लाकडावर ठेवा आणि क्लॅम्पने पक्कं धरा, हाताने धरू नका, ड्रिल पातळ वस्तूला पकडून गरकन फिरवतं. आधी २ मिमीचा बिट, मग ६ मिमीचा. स्टेप ड्रिल, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांनी रुंद होत जाणारा शंकूसारखा बिट, असेल तर फारच छान, साध्या बिटने पातळ वस्तूत भोक गोल न येता तिकोनी येतं, स्टेप ड्रिलने गोल आणि स्वच्छ येतं. आतून बाहेर ड्रिल केल्याचा फायदा असा की कंगोरे बाहेरच्या बाजूला येतात, तिथे कानस किंवा पॉलिश पेपर सहज फिरतो, आणि आतली बाजू गुळगुळीत राहते. झाल्यावर साबणाने धुवा, भोकांतून बोट फिरवून बघा, उजेडाकडे धरून एखादा केस लटकतोय का ते बघा. प्लास्टिकचे ते बारीक केस मसाल्यात कुणालाच नको असतात. तापलेल्या खिळ्याने भोकं पाडू नका, धूर वाईट असतो आणि कडेला जाड गोठ येतो जो पुढे मसाला अडवतो.

भोकं किती? इथे लोकांचा हिशोब हमखास चुकतो, कारण भोकाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. ६ मिमीचं एक भोक ४ मिमीच्या सव्वादोन भोकांएवढं. ४ मिमीची २० भोकं आणि ६ मिमीची ९ भोकं यातून जवळपास सारखीच जागा मिळते. म्हणून मोठी भोकं पाडताना संख्या निम्म्याहून कमी करा. साधारण ७० मिमीच्या झाकणाला एक मध्ये आणि सहा गोलाकार, अशी सात पुरतात. त्याहूनही कमीने, चारने सुरुवात केलीत तरी चालेल, वाढवता येतात, बुजवता येत नाहीत.

ड्रिल नसेल तर त्याहून सोपा जुगाड आहे आणि मला तो मनापासून आवडतो. ऑफिसातलं कागदाला भोकं पाडायचं पंचिंग मशीन असतं ना, त्याचं भोक ६ मिमीचंच असतं, फाइलिंगसाठी तो आकार ठरलेलाच आहे, आणि कडेपासून भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर १२ मिमी. आता ज्या बरण्यांचं झाकण दोन भागांत असतं, सपाट चकती आणि तिला धरणारी फिरकीची रिंग, ती बरणी घ्या. चकतीच्या मापाची गोल तबकडी एखाद्या पातळ प्लास्टिकच्या डब्याच्या झाकणातून कापा, डबा खाण्याच्या वस्तूचाच असू दे, आणि कडेने फिरवत पंचने सहा-सात भोकं पाडा. ती आपोआप एका वर्तुळात येतात, आणि शेकर तिरका धरून वापरायचा असतो तेव्हा मसाला कडेलाच सरकतो, म्हणून ती जागाही अगदी योग्य. पंचला तेल, धूळ असते, म्हणून तबकडी गरम साबणाच्या पाण्याने धुवा, सुकवा, रिंगमध्ये बसवा. साठवताना मूळची चकती परत लावली की बरणी पुन्हा हवाबंद. तबकडी खराब झाली की नवी करायला पाच मिनिटं.

एका वेळेपुरतंच काम असेल तर बरणीच्या तोंडावर ॲल्युमिनिअम फॉइलचा दुहेरी थर ताणून रबर बँड लावा आणि सळीने भोकं पाडा, एक बार्बेक्यू नक्की निघतं. झाराही चांगला चालतो, झाऱ्यात दोन चमचे रब घ्यायचा आणि दांड्यावर बोटाने टिचक्या मारायच्या, ताबा सुंदर राहतो. पण तारेची जाळी कात्रीने कापून बरणीला लावू नका. कापलेल्या कडेचे तुकडे सुटतात आणि कुटलेल्या मसाल्यात ते अजिबात दिसत नाहीत.

वापरायची पद्धतही भोकाइतकीच महत्त्वाची आहे. शेकर अर्धा भरा, फार तर दोन तृतीयांश. गच्च भरलेल्या शेकरमध्ये मसाल्याला हलायला जागाच नसते, तो भोकांवर दाबून बसतो. सुरू करायच्या आधी झाकणाच्या भोकांवर तळहात ठेवून शेकर आडवा धरा आणि चार-पाच वेळा गोल फिरवा, वर-खाली हलवू नका, वर-खाली हलवल्यानेच तर दाणे वेगळे होतात. टाकताना सरळ उलटा न धरता तिरका धरा आणि मनगटाने बाजूला झटका द्या, मसाला भोकांवरून घसरत जातो आणि कमानी उभ्या राहत नाहीत. उंची वीतभर किंवा त्याहून थोडी जास्त, २५-३० सेंटिमीटर. जवळून टाकलं की प्रत्येक भोकाचा वेगळा ठिपका पडतो, उंचावरून टाकलं की सगळे एकमेकांत मिसळून पसरतात. मधे एकदा थांबून पुन्हा आडवा फिरवून घ्या.

किती टाकलं हे शेकरमध्ये कळत नाही, त्यासाठी मी शेकर वजनकाट्यावर ठेवतो, आधीचं वजन आणि नंतरचं वजन. समजा मांस २ किलो आहे आणि मीठ १ टक्का हवंय, म्हणजे २० ग्रॅम. रबमध्ये वजनाने एक तृतीयांश मीठ असेल तर ६० ग्रॅम रब लागेल. शेकर ४०० ग्रॅमचा होता तो ३४० वर आला की थांबायचं. किती टक्के मीठ आवडतं हे ज्याचं त्याचं, आणि जाड तुकड्याला जास्त लागतं, पातळ कापाला कमी, पण एकदा तुमचा आकडा ठरला की मग दर वेळी तीच चव येते, अंदाजाने टाकणाऱ्याला ते कधीच जमत नाही.

स्वच्छतेचं एक सांगायलाच हवं. कच्च्या मांसाला लागलेल्या हाताने शेकर पकडायचा नाही. एक हात ओला, मांस उलटायला, दुसरा कोरडा, फक्त शेकरला. एकटे असाल आणि हे जमत नसेल तर आधीच लागेल तेवढा रब वाटीत काढा आणि उरलेला फेकून द्या, परत बरणीत ओतू नका. साल्मोनेलासारखे जंतू कोरड्या मसाल्यात वाढत नाहीत पण मरतही नाहीत लवकर, आठवडेच्या आठवडे तग धरतात, आणि तीच बरणी उद्या तुम्ही सॅलडवर उघडाल. काम झालं की शेकर बाहेरून गरम साबणाच्या पाण्याने पुसा.

शेकरमध्ये रब साठवूही नका. भोकं मोठी म्हणजे हवा आत, वास बाहेर. मूळ साठा हवाबंद बरणीत, उजेडापासून लांब, नाहीतर पाप्रिकाचा रंग उडतो, आणि शेकरमध्ये त्या दिवसापुरतंच.

आता शेकर मुळात हवाच का, यावर माझं स्पष्ट मत सांगतो. रब फारच भरड असेल, म्हणजे मिरीचे अर्धे दाणे, अख्खे जिरे, चिली फ्लेक्स, तर शेकरचा नाद सोडा. त्याला फारच मोठी भोकं लागतील आणि तेवढ्या भोकांतून मीठ नुसतं ओतलं जाईल. अशा रबला कोरडा हातच चांगला, तीन बोटांत घ्यायचं, अंगठ्याने घासत उंचावरून सोडायचं, बोटांना मिरीचा खडा आणि मिठाचा दाणा वेगळा कळतो आणि त्याप्रमाणे हात आपोआप थांबतो. तुमचा रब मात्र तसा नाही, तो शेकरने टाकता येण्यासारखा आहे. म्हणून आत्ता काही विकत घेऊ नका, मसाला चाळून घ्या, साखर बदला, आणि पंचवाली तबकडी करून महिनाभर वापरा. ६ मिमी तुम्हाला जमतंय की ५ हवंय हे त्यात कळेल, मग त्या मापाचा स्टीलचा ड्रेजर शोधा.

राहिला तांदळाचा प्रश्न. बारीक मिठाच्या शेकरमध्ये तांदळाचे दाणे चालतात ते मुख्यतः हलवताना गाठी फोडतात म्हणून. पण तुमच्या ६ मिमीच्या भोकातून ते उभे होऊन सरळ बाहेर पडतील, मांसावर मसाल्याच्या थरात लपतील आणि भाजून दगडासारखे कडक होतील, दाताखाली आले तर दात दुखावेल. तेव्हा तांदूळ नको. गाठी फोडायला काही हवंच असेल तर स्टीलच्या तारेची गोल स्प्रिंग मिळते, प्रोटीन शेकरमध्ये असते ती, ती धुऊन सुकवून रुंद तोंडाच्या बरणीत टाका. ती भोकातून पडू शकत नाही आणि आडवं फिरवताना गाठीही फोडते, ढवळतेही. काचेच्या बरणीत मात्र ती जोरात आपटू देऊ नका.